थंडीनं कोंबड्यांनी अंडी बंद केल्यात, परत चालू करायला काय करू?

मळ्यातला (काकती)
नमस्कार मंडळी. घरामागं १४ कोंबड्या हायत, ९ गिरीराज जातीच्या आणि ५ गावठी, वर दोन कोंबडे. दसऱ्यापासनं दिवाळीपर्यंत रोज सात-आठ अंडी मिळत होती, शेजारीपाजारी पण घेऊन जायचे. डिसेंबर अर्धा झाला आणि थंडी अशी पडली की सकाळी मोबाईलवर बघितलो तर १०, एकदा तर ९ दाखवत होतं. तवापासनं अंडी दोनावर आली, मग एक, आणि आता दहा दिवस झाले भोपळा. खुराडं पत्र्याचं हाय, एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला मोटरीची खोली. थंडी लागू नये म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री गच्च आवळलो, वरनं रात्रभर १०० चा बल्ब पण लावलो दोन दिवस. कायपण फरक नाही. खायला मका घालतो किलोभर, कधी जोंधळा, आणि घरातला उरलेला भात. दुकानदारानं एक टॉनिकची बाटली दिली तीपण संपली. कोंबड्या आजारी वाटत न्हाईत, फिरूलाल्यात, खाऊलाल्यात, पण अंडं तेवढं घालंनात. बायको म्हणूलालीय की रविवारी एकेक करून रस्सा करूया, मका तरी वाचंल. कुणाला अनुभव असला तर सांगा, ह्या थंडीत अंडी परत चालू व्हतात काय की आता उन्हाळ्याचीच वाट बघायची?

निपाणीचा_पाव्हणा
वैनींचा प्लॅन वाईट नाही बरं का, पण थांबा जरा 😄 पहिल्यांदा एक सांगा, कोंबड्या दिवसा मोकळ्या सोडता का? कारण माझ्या घरी गेल्या साली सेम झालतं, पंधरा दिवस अंडं नाही म्हणून आई रोज कोंबडीला शिव्या घालत होती, आणि एक दिवस गवताच्या गंजीतनं गवत ओढताना हाताला गार-गार लागलं, बघतोय तर सतरा अंडी! एकाच कोंबडीनं गुपचूप बँक बॅलन्स करून ठेवलेला. तुमच्या शेजारी ऊस हाय म्हणताय म्हणजे तिथं तर लपवायला जागाच जागा. एक दिवस सकाळी अकरापर्यंत सोडूच नका, आतच ठेवा, मग कळंल घालत्यात का नाही ते. आणि सापडली तर लगेच आमलेट करायला जाऊ नका, पाण्याच्या बादलीत सोडून बघा. आडवं तळाला पडलं तर ताजं, उभं राहिलं तर शिळं, वर तरंगलं तर लांब नेऊन टाका, घरात फोडू नका, माझं ऐका.

जांबोटी_आक्का
दादा, आमच्याकडं तुमच्यापेक्षा जास्ती गारठा, सकाळी नऊपर्यंत धुकं हलत नाही, तरीपण माझ्या कोंबड्यांतल्या तीन-चार घालतातच. म्हणजे नुसत्या थंडीवर खापर फोडू नका. चाळीस वर्षं झाली कोंबड्या पाळते, मला कळतं तेवढं सांगते.

पहिलं म्हणजे खुराड्यात पिसं पडलीत का बघा. दिवाळी झाली की कोंबडी पिसं गाळते, मानेपासनं सुरू होतं, मग पाठ, मग पंख, शेपूट. अर्धी बोडकी दिसते, बघवत नाही. तेव्हा ती अंडं घालत नाही, घालायचीच नाही, तिचं सगळं खाल्लेलं नव्या पिसात जातं. याला दोन महिने, कधी तीन पण लागतात. कितीपण औषध घाला, पिसं भरल्याशिवाय ती अंड्यावर येत नाही. पिसं भरली, तुरा परत लाल झाला, हाताला गरम लागला की समजायचं आता पंधरा दिवसांत घालंल. तुरा फिका आणि आकसलेला असला तर अजून वेळ हाय.

दुसरं, रात्री कोंबडी बसल्यावर हळूच उचला, बगलेत धरा, आणि मागं जिथनं अंडं येतं तिथं दोन बाजूला दोन बारीक हाडं लागतात, त्याच्यामध्ये बोटं लावून बघा. दोन-तीन बोटं आरामात बसली तर ती घालतेय किंवा घालायला आलीय. एकच बोट कसंबसं शिरलं तर बंद हाय. चौदाच्या चौदा बघा, एका रात्रीत होतं, मग कोण खातंय फुकट आणि कोण कामावर हाय ते कळतं. मी तर ज्या घालतात त्यांच्या पायाला लाल दोरा बांधते.

आणि ती ताडपत्री आधी वरनं सोडा. उद्या सकाळी उजाडायच्या आधी खुराड्यात हात घालून पत्र्याला आतनं हात लावून बघा, ओला लागला की समजा कोंबड्या रात्रभर ओलीत बसल्यात. त्यांच्या श्वासातलं पाणी वर जातं, गार पत्र्याला लागून परत त्यांच्याच पाठीवर ठिबकतं. कोरडी कोंबडी गारठा सोसते ओ, ओली नाही सोसत.

शहापूरची_सुनबाई
आमच्या सासूबाई थंडीत खुराड्यात शेगडी ठेवायच्या रात्री, कोळशाची, बारीक निखारे करून. ऊब राहते छान. करून बघा.

माजी_हवालदार
सुनबाई, कृपा करून हा सल्ला कुणी पाळू नका. बंद खुराड्यात कोळशाची शेगडी म्हणजे सकाळी सगळ्या कोंबड्या आडव्या. कोळशाचा गॅस दिसत नाही, वास येत नाही, माणसं पण मरतात त्यानं, बंकरमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. वर भाताचं तूस पसरलेलं असलं आणि एक ठिणगी उडाली तर खुराडं काय, घर पण जाईल.

मी मराठा लाईट इन्फंट्रीतनं रिटायर, बेळगावचाच. काश्मीरला पोस्टिंग होती तेव्हा जवळच्या गावात लोकांच्या कोंबड्या बघितल्या, बाहेर शून्याच्या खाली, पाण्याचं भांडं सकाळी बर्फाचा गोळा. कोंबड्या मेल्या नाहीत. कोंबडीच्या अंगात ४१ डिग्री गरमी असते, अंगावर स्वतःची रजई असते. ती लोकं काय करायची तर जमिनीवर जाड भुस्सा किंवा गवत, पाणी दिवसातनं दोन-तीनदा बदलायचं, आणि वारा थेट अंगावर येऊ द्यायचा नाही. पण वर फट ठेवायचीच. ज्यांनी सगळं बुजवलं त्यांच्या कोंबड्यांचे तुरे काळे पडायचे, ओल आणि गारठा एकत्र आला की तुरा गोठतो. मोठ्या तुऱ्याच्या कोंबड्याला जास्ती त्रास, त्याला व्हॅसलीन चोळायचे. आपल्या बेळगावात तुरा गोठायचं काम नाही, ९ डिग्री म्हणजे कोंबडीला थंडी वाजते, पण जीवावर येत नाही. तिला फक्त जास्ती खायला लागतं, ऊब ठेवायला. तुमचा किलोभर मका चौदा कोंबड्या आणि वर दोन नरांना पुरतो कसा ते सांगा आधी.

एक टेस्ट सांगतो. पहाटे दार उघडा, खाली उकिडवं बसा, कोंबडीच्या उंचीवर नाक आणा. डोळ्यांना झोंबलं तर तुमच्या माणसाच्या उंचीवर वास येत नसला तरी कोंबड्या रात्रभर तेच ओढत होत्या. लगेच जुनं तूस काढा, नवं कोरडं घाला चार बोटं जाड.

मळ्यातला (काकती)
सगळ्यांना धन्यवाद. आज सुट्टी होती म्हणून सकाळपासनं हेच करत बसलो. हवालदार काका, तुमचं बरोबर, उकिडवा बसलो आणि एका मिनिटात डोळ्यातनं पाणी. पत्रा आतनं ओलाचिंब. ताडपत्री वरनं एक फूट मोकळी केलो, उसाच्या बाजूची तेवढी खाली राहू दिलो कारण वारा तिकडनंच येतो. जुनं तूस काढलो तर दोन पाट्या भरल्या.

आक्का, काल रात्री बायको बॅटरी धरली आणि मी एकेक कोंबडी बगलेत धरून बोटं लावून बघितलो. पहिल्या दोघींनी हातावर चोच मारली. १४ पैकी ६ जणींची मान आणि पाठ बोडकी, नवीन पिसं काट्यासारखी वर येऊलाल्यात, हात लावला तर ओरडत्यात. ५ जणींचं एक बोट. आणि तीन गावठी कोंबड्या अशा की तीन बोटं आरामात, तुरा लालभडक! म्हणजे ह्या घालूलाल्यात पण कुठं? निपाणीकर, तुमचं तोंड साखरेनं भरलं पाहिजे. मोटरीच्या खोलीमागं जुनं पाईप पडलंय त्याच्या आत पिंजर (भाताचं गवत) होतं, तिथं ११ अंडी! पाण्यात टाकलो, चार उभी राहिली, एक तरंगलं. तरंगलेलं लांब टाकायला गेलो तर हातातच फुटलं, दोन वेळा आंघोळ झाली.

आता खरं विचारायचं म्हणजे ह्या बाकीच्या ११ जणींचं काय. लाईट लावल्यानं चालू व्हतात म्हणतात सगळे यूट्यूबवर, मग मी लावलो ते का चाललं नाही?

गोठ्यातला_विद्यार्थी
मी व्हेटर्नरी शिकतोय, शेवटचं वर्ष, गाव बैलहोंगलकडं. अजून डॉक्टर नाही, त्यामुळं औषधाचं नाव लिहून देणार नाही, पण लाईटचं सांगतो कारण यातच सगळे फसतात.

कोंबडीला अंडं घालायचं सिग्नल उजेडानं मिळतं. उजेड डोळ्यातनं आणि कवटीतनं पण आत मेंदूपर्यंत जातो, तिथनं हार्मोन सुटतात, मग अंडाशय कामाला लागतं. जोरात अंडी घालायला साधारण १४ ते १६ तास उजेड लागतो. परदेशातल्या व्हिडिओत थंडीत दिवस आठ-नऊ तासांचा असतो, म्हणून तिथं बल्ब लावला की जादू होते. आपल्या बेळगावात २१-२२ डिसेंबरला सगळ्यात लहान दिवस तो पण साधारण ११ तास १० मिनिटांचा. उन्हाळ्यात तेरा तासांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडं उजेड कमी होतो पण संपत नाही. गावठी कोंबडी तर वर्षाला ५०-६० अंड्यांवर असते, तिला लाईट लावून फार काही हाताला लागत नाही, संक्रांत झाली दिवस वाढायला लागला की ती आपोआप येते. गिरीराजला मात्र फायदा होतो. ही जात बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं परसातल्या कोंबडीपालनासाठीच काढलेली, नीट खायला घातलं तर वर्षाला १३०-१५० अंडी देते.

तुमचं चुकलं कुठं? एक तर रात्रभर लावलात. कोंबडीला झोप लागते, अंधार लागतो, नाहीतर त्या एकमेकीला टोचायला लागतात. दुसरं, दोनच दिवस लावलात. उजेडाचा परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात, आतलं बीज पिकायला वेळ लागतो, शेवटचं अंडं बांधायलाच २४-२६ तास जातात आणि त्यातले वीस तास नुसतं टरफल चढायला. तिसरं, १०० चा कशाला, एवढ्याशा खुराड्यात ७ किंवा ९ वॅटचा पिवळा एलईडी भरपूर झाला. आणि तो संध्याकाळी नको, पहाटे लावा. संध्याकाळी लावला आणि अचानक बंद केला (किंवा करंट गेला, आपल्याकडं काय भरवसा) तर कोंबड्या जमिनीवरच राहतात, काठीवर चढायला दिसत नाही. पहाटे लावला तर उजाडतंय तसं आपोआप जुळतं. पहिल्या आठवड्यात साडेसहाला, मग सहाला, असं दर आठवड्याला अर्धा तास मागं नेत चार-साडेचारपर्यंत. बाजारात टायमरवाला सॉकेट मिळतो, स्वतः उठायची गरज नाही. आणि एकदा चालू केला की मधेच बंद करू नका, नाहीतर परत पिसं गाळायला लागतील. ज्या सहा जणी बोडक्या आहेत त्यांना आत्ता ओढू नका, पिसं भरू द्या, मगच लाईट सुरू करा.

आता खाणं. हवालदार काकांनी बरोबर पकडलं. अंड्यावरची कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. १६ जणांना म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास. तुम्ही किलोभर मका घालताय, आणि मक्यात प्रोटीन ८-९ टक्के, अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ लागतं. भातात तर त्याहून कमी. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, आता सांगा ह्या बिचाऱ्यांनी पिसं कशातनं बनवायची? लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य) मिळाली तर प्रश्नच मिटला. घरी करायचं असेल तर दहा किलोला ६ किलो भरडलेला मका (अर्धा जोंधळा चालतो), अडीच किलो सोयाबीनची पेंड, १ किलो ३०० ग्रॅम भाताचा कोंडा, २०० ग्रॅम मिनरल मिक्स्चर. यातनं १७-१८ टक्क्यांपर्यंत जातं. कॅल्शियम यात मिसळू नका, शिंपल्याचा चुरा वेगळ्या डब्यात ठेवा. जी घालते ती आपली आपण खाते, जी घालत नाही तिला नको असतं. अंड्याची टरफलं टाकू नका, भाजून बारीक चुरा करून त्याच डब्यात घाला. अख्खी टाकली तर अंडं फोडून खायची सवय लागते, आणि ती लागली की मग वैनींचा रस्साच.

मका ओल धरलेला, हिरवट-काळी बुरशी आलेला असेल तर तो मात्र घालू नका, स्वस्त मिळाला तरी. त्यातलं विष लिव्हरला लागतं आणि अंडी बसतात. टॉनिकच्या बाटल्या त्याच्यावर उपाय नाहीत.

आणि शिंका, घरघर, नाकातनं पाणी, हिरवी शीट, मान वाकडी असं काही दिसलं तर हे सगळं बाजूला ठेवून सरकारी दवाखान्यात जा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिली नसेल तर तेवढं विचारून घ्या. टरफल सुरकुतलेलं, पांढरं पाण्यासारखं पातळ असं अंडं आलं तरी दाखवा.

जांबोटी_आक्का
पोरगं हुशार हाय. आमच्या वेळी एवढं टक्के-बिक्के कुणी सांगितलं नाही, पण आई थंडीत सुकट भाजून घालायची कोंबड्यांना, आठवड्यातनं दोन-तीनदा मूठभर, ते हेच असणार. बाजारात सुकटीचा चुरा राहतो तळाला, तो स्वस्तात देतात, तो आणायचा. जास्ती घालू नका, अंड्याला वास लागतो, मग घरातले शाकाहारी अंडं खाणारे नाक मुरडतात 😄 (आमच्यात आहेत तसले.) वाळवी मिळाली तर सोनं. शेणाचा गोळा सुकवून अंगणात टाका, चार दिवसांत खाली किडे, मग बघा कशा उड्या पडतात.

सकाळी कोमट पाणी द्या, गार पाणी त्या कमी पितात आणि पाणी कमी तर अंडं कमी, अंड्यात अर्ध्याच्या वर पाणीच की. संध्याकाळी झोपायच्या आधी अख्खा मका मूठ-मूठ टाका, रात्रभर पोटात दळत राहतो, अंग गरम राहतं. आणि चुलीतली राख एका कोपऱ्यात घाला, लोळू दे. पंखाखाली उवा-गोचिडं असली तर रात्रभर झोप नाही त्यांना. बसायची काठी गोल बांबू असेल तर दोन-अडीच इंच रुंद फळी लावा, म्हणजे पाय पोटाखाली झाकून बसतात.

निपाणीचा_पाव्हणा
आक्का, सुकटीवरनं आठवलं, आमच्या एका कोंबडीला सुकटीचा एवढा नाद लागला की ती थेट स्वयंपाकघरात यायची. शेवटी आईनं तिला दत्तकच घेतलं.

शहापूरची_सुनबाई
शेगडीचं चुकलं माझं. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या आमचं खुराडं कुडाचं होतं, चारी बाजूंनी वारा आत यायचा. म्हणजे शेगडी चालायची ती कुडामुळं, आता पत्र्यात नको.

मळ्यातला (काकती)
मंडळी, बरेच दिवस लिहायला जमलं नाही, मधे यल्लम्माच्या डोंगराला जाऊन आलो. महिना वर झाला, आता सांगतो काय झालं ते.

पहिले दोन आठवडे काहीच नाही. पेंडीचं खाणं चालू केलो, खर्च वाढला, बायको रोज डब्यात डोकावून रिकामा हात दाखवायची. तीन गावठी मात्र आतच घालाय लागल्या कारण पाईपचं तोंड दगडानं बंद केलो आणि खुराड्यात दोन बुट्ट्या पिंजर घालून ठेवलो, एकात माझ्याच डोक्यानं एक खोटं अंडं ठेवलो (पोराचा पांढरा बॉल). त्या बॉलवर दोघी भांडायच्या. पिसं भरत आली तसं टायमर लावलो, साडेसहापासनं मागं मागं नेत आता पाचवर आलोय. तिसऱ्या आठवड्यात एका गिरीराजचा तुरा लाल झाला, ती कोपऱ्यात जाऊन उगाच पिंजर उचलून पाठीवर टाकूलालीती, आणि दुसऱ्या दिवशी अंडं. एवढंसं, कवड्याच्या अंड्याएवढं. फोडलो तर आत बलकच नाही, नुसतं पांढरं. घाबरलो, पण तिसऱ्या दिवशी बरोबर मोठं घातलं. आज सकाळी पाच अंडी, काल सहा. दोन कोंबड्या अजून बंद हायत, त्या जुन्या, तीन वर्षं झाली असतील, त्यांच्यावर आशा ठेवलो नाही.

आता नवीन भानगड. त्या तीन गावठीतली एक काल दुपारपासनं बुट्टीतनं उठंनाच. हात लावला की अंग फुगवून क्लक-क्लक करतेय, खालचा बॉल पण सोडंना. हिला मोडायची (बसायची खोड घालवायची) का अंड्यांवर बसवायची? मोडायची तर बायको म्हणतेय पाण्यात बुडवायची, मला ते बरं वाटंना.

जांबोटी_आक्का
पाण्यात बिण्यात बुडवू नका गारठ्यात! खुडूक झालीय ती, अंड्यांवर बसायला आलीय, बसवा की. थंडी ओसरलीय, ह्या दिवसात पिल्लं चांगली जगतात, पाऊस यायच्या आत हाताएवढी होतात. बॉल काढा, बारा अंडी घाला, गावठीचीच बघून, एका आकाराची, आठवड्याच्या आतली, बादलीत बुडवलेली नकोत. रात्री घाला म्हणजे तिला कळत नाही. बुट्टी दुसऱ्या जागी हलवा, अंधाऱ्या, नाहीतर बाकीच्या येऊन तिच्यातच घालतील आणि २१ दिवसांचा हिशोब चुकेल. दिवसातनं एकदा उठून खायला, शीट करायला गेली पाहिजे, उठली नाही तर उचलून बाहेर ठेवा. सातव्या रात्री बॅटरी लावून बघा, आत लाल शिरा दिसल्या तर आहे, स्वच्छ दिसलं तर काढून टाका. टाकताना जपून, तुम्हाला सवय आहे 😄

मळ्यातला (काकती)
आज रात्रीच घालतो आक्का. बारा जमत न्हाईत, गावठीची नऊच हायत.

जांबोटी_आक्का
नऊ पण चालतील. विषम आकडा चांगलाच असतो म्हणायची माझी आजी.